गणपतीत मुलीला गेइशाचा वेश आणि एका आजोबांचा आक्षेप

मीनल_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे जपानला राहून आलेले बडोद्याचे दोनतीन जण आहेत म्हणून विचारते. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा मुलांच्या कार्यक्रमाला "देशोदेशीची नृत्यं" असा विषय ठेवलाय, कोणाला स्पेन आलं कोणाला इजिप्त कोणाला पंजाब (पंजाब देश कधी झाला विचारू नका, त्या घरात तेवढाच ड्रेस होता). माझी लेक १४ वर्षांची, सात वर्षं भरतनाट्यम शिकतेय, तिच्या वाट्याला जपान आलं. तिने मोबाईलवर त्या पांढऱ्या चेहऱ्याच्या मुलींचे व्हिडिओ बघितले होते, मला मायकोच व्हायचंय म्हणून हटून बसली. नवरात्रीचे चणियाचोळी भाड्याने देतात तशा एका ठिकाणाहून किमोनो मिळाला, लालभडक, पाठीवर ड्रॅगन, आणि पट्ट्याची मोठ्ठी गाठ पोटावर पुढे बांधायची असं त्या माणसाने दाखवून दिलं.

परवा तालमीला ती तशी तयार होऊन उभी राहिली आणि सोसायटीतले एक आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "गणपतीसमोर कलावंतिणीचं सोंग नको." पोरगी रडत घरी. मी तावातावाने त्यांना म्हटलं की काका गेइशा म्हणजे तसलं काही नसतं, ती कला असते, पण खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नाही, घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे मला काय विचारतेस.

तर नक्की काय असतं हे? आजोबा बरोबर का मी? मायको आणि गेइशा एकच का? आणि लेकीचा वेगळाच प्रश्न, तिथे जाऊन शिकता येतं का म्हणून. फोटो टाकलाय, वेशात काही चुकलं असेल तर तेही सांगा, अजून नऊ दिवस आहेत.

खाऊपिऊ_रावपुरा

पंजाबला देश केलात ते वाचून चहा नाकातून आला. आजोबांना सेव उसळ चारा आणि तिखट तर्री जास्त घालायला सांगा, दोन दिवस बोलणार नाहीत. बाकी जाणकार लोक सांगतीलच, मी वाचायला बसलोय.

हर्षद_कारेलीबाग

मीनलताई, कंपनीच्या कामाने मी तीन वर्षं ओसाकाला होतो आणि क्योतो तिथून लोकलने अर्ध्या तासावर, त्यामुळे जवळपास दर महिन्याला चक्कर व्हायची. आधी फोटोचं सांगतो कारण ते तातडीचं आहे. ती पुढची गाठ आत्ताच्या आत्ता सोडा!! पुढे गाठ बांधायच्या त्या ओइरान, म्हणजे जुन्या काळच्या परवाना असलेल्या वस्तीतल्या वरच्या दर्जाच्या वेश्या. गेइशाची गाठ कायम मागे. तेव्हा आजोबांना जपानी येत नसेल पण तुमच्या दुकानदाराने त्यांना अर्धं बरोबर ठरवलंय 😄 आणि दुसरं, फोटोत उजवा पदर वर आलाय. किमोनोची डावी बाजू नेहमी वर येते, उजवी वर घेतात ती फक्त प्रेताला नेसवताना. गणपतीत हे नको.

आता मूळ प्रश्न. क्योतोत गेइशा म्हणत नाहीत, गेइको म्हणतात, आणि शिकाऊ मुलगी ती मायको. टोकियोत पूर्ण झालेलीला गेइशा आणि शिकाऊला हानग्योकु, म्हणजे अर्धं रत्न, कारण तिचा दर अर्धा असायचा. क्योतोत अशा पाच वस्त्या आहेत, गिओन कोबु, गिओन हिगाशी, पोन्तोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन. मुलगी नववीपर्यंतचं शिक्षण संपवून पंधराव्या वर्षी येते, त्याआधी घेत नाहीत. पूर्वी पाचसहा वर्षांच्या पोरीही यायच्या. ती ज्या घरात राहते ते ओकिया, तिथली मालकीण ती ओका-सान म्हणजे आई, आणि ती नुसतं म्हणायला आई नसते, मुलगी काय खाते कुठे जाते कोणाशी बोलते सगळं ती बघते. पहिले काही महिने, कुठे वर्षभर, ही पोरगी शिकोमी, म्हणजे झाडलोट, थोरल्यांची उठबस, आणि मुख्य म्हणजे क्योतोची बोली. होक्काइदोहून आलेली असो का ओकिनावाहून, बोलायचं क्योतोच्या लाडिक बोलीतच, "आरिगातो" नाही म्हणायचं "ओकिनी" म्हणायचं. मग महिनाभर मिनाराई, कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं. मग मिसेदाशी, म्हणजे पदार्पण. त्याच्याआधी एका थोरल्या गेइकोशी बहिणीचं नातं बांधतात, तीन पेल्यांतून तीन तीन घोट साके, त्यांच्या लग्नात असतो तसाच विधी, आणि थोरलीच्या नावातलं एक अक्षर धाकटीच्या नावात येतं. आपल्या गाण्यात गंडा बांधतात ना, मला तेच आठवलं.

चारपाच वर्षं मायको, मग विसाव्या वर्षाच्या आसपास एरिकाए, शब्दशः कॉलर बदलणे. मायकोची कॉलर लाल, त्यावर वर्षागणिक पांढरं भरतकाम वाढत जातं आणि गेइको झाली की कोरी पांढरी. जाणकार माणूस रस्त्याच्या पलीकडून कॉलर बघून सांगतो पोरगी कितव्या वर्षात आहे. ओठांचंही तसंच, पहिल्या वर्षी फक्त खालचा ओठ रंगवतात. तुमच्या लेकीचे दोन्ही रंगवलेत, वरचा पुसा. केसातली फुलं दर महिन्याला वेगळी, एप्रिलला चेरी मेला विस्टारिया नोव्हेंबरला मेपलची पानं. केस मायकोचे स्वतःचे असतात, आठवड्यातून एकदा बांधतात आणि मग ते मोडू नयेत म्हणून उंच लाकडी उशीवर मान ठेवून झोपायचं. टाळूवर सतत ओढ बसून काहींना नाण्याएवढं टक्कल पडतं. गेइको झाल्यावर विग, सुटका.

एकदा संध्याकाळी गिओनच्या हानामिकोजी रस्त्याच्या बाजूच्या गल्लीत उभा होतो, मागून खट खट आणि त्यात बारीक घुंगरासारखा आवाज. वळलो तर एक मायको, पायात ते विटेएवढे उंच लाकडी ओकोबो, त्यात आत घंटी असते, एका हाताने किमोनोचा घोळ उचलून धरलेला आणि पाठीवर ओबी, म्हणजे किमोनोचा पट्टा, पार घोट्यापर्यंत लोंबत होता. पाच मीटरच्या वर लांब असतो तो, खालच्या टोकाला तिच्या ओकियाचं चिन्ह विणलेलं, आणि तो आवळून बांधायला पुरुष लागतो, त्यांचा तोच धंदा, पिढ्यान् पिढ्या. मानेवर मागे पांढरा रंग, पण केसांच्या खाली कातडीच्या दोन कोऱ्या पट्ट्या सोडलेल्या. पाचसहा टुरिस्ट मोबाईल घेऊन अक्षरशः तिच्या मागे धावले. ती थांबली नाही बघितलं नाही, नुसती चाल वाढवली, त्या खडावांवर कशी कोण जाणे. याच त्रासापायी २०१९ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढला तर १०,००० येन दंड अशा पाट्या लागल्या आणि २०२४ पासून काही गल्ल्या टुरिस्टांना बंदच केल्या.

आणि त्या करतात काय, तर नाचतात, शामिसेन म्हणजे तीन तारांचं वाद्य वाजवतात, गातात, पेला भरून देतात, गप्पा मारतात, खेळ खेळवतात. जागा म्हणजे ओचाया, नाव चहाघर पण तिथे चहा प्यायला कोणी जात नाही. अनोळखी माणसाला दार बंद, ओळखीच्या गिऱ्हाइकाने न्यावं लागतं. कारण बिल तिथल्या तिथे देतच नाहीत, नंतर त्या ओळख देणाऱ्याच्या नावावर जातं, तेव्हा तुम्ही गोंधळ घातलात तर त्याची अब्रू. आम्हाला एकदा एका मोठ्या सप्लायरने नेलं होतं. नाच झाला, मी तर श्वास रोखून बघत होतो, एवढीशी हालचाल, पंखा उघडला की काहीतरी घडल्यासारखं वाटायचं. मग खेळ, मध्ये एक वाटीसारखं, गाण्याच्या तालावर आलटून पालटून त्यावर हात ठेवायचा, समोरच्याने वाटी उचलली तर मूठ. गाणं वाढतं हात चुकतो, हरला तो पितो. मी ओळीने तीन वेळा हरलो आणि मी पडलो गुजरातचा माणूस, परमिटशिवाय कसा पिणार, शेवटी ऊलाँग चहा पाजला त्यांनी मला आणि ती सतरा वर्षांची पोर अख्खा वेळ इतक्या शिस्तीत हसत होती की माझीच लाज वाटली.

लेकीला सांगा, क्योतोत परदेशी मुलीला मायको म्हणून घेत नाहीत. टोकियोच्या आसाकुसात २००७ मध्ये एक ऑस्ट्रेलियन बाई गेइशा झाली होती, ते अपवादच. पण बघता येतं. एप्रिलमध्ये मियाको ओदोरी म्हणून त्यांच्या नाचाचा मोठा कार्यक्रम असतो, तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं.

मीनल_दांडियाबाजार

हर्षददादा बापरे!! किती लिहिलंत, मनापासून थँक्यू. गाठ सोडली. पदर बदलला. आणि प्रेताचं वाचून सासूबाईंनी किमोनोवर गोमूत्र शिंपडलंय, आता भाड्याचा कपडा परत कसा देऊ ते सांगा.

चाळवाली_प्रतापनगर

मीनल, मी नाच शिकवते त्यामुळे गप्प बसवेना. तुमच्या आजोबांनी शिवी म्हणून जो शब्द वापरला ना तोच गेइशाचा अर्थ आहे! गेई म्हणजे कला, शा म्हणजे ती करणारी व्यक्ती. गेइशा म्हणजे कलावंत. आणि आपल्याकडे कलावंत पुरुष असला की शाल श्रीफळ, आणि बाई असली की कलावंतीण, तोंड वाकडं करून. गंमत म्हणजे जपानात पहिले गेइशा पुरुषच होते, बैठकीत ढोलकी वाजवून विनोद करणारे, बायका अठराव्या शतकाच्या मध्यावर आल्या आणि पुरुषांना बाहेरच काढलं त्यांनी. १७७९ मध्ये योशिवारात, म्हणजे आजच्या टोकियोतल्या वेश्यावस्तीत, गेइशांची नोंदणी करणारी कचेरी निघाली, कारण तिथल्या वेश्यांचं गिऱ्हाईक यांनी तोडायचं नाही, यांचं काम नाचगाणं एवढंच. हर्षदभाऊ म्हणतात ती मागची गाठ, साधेसे किमोनो, कमी कंगवे, हा त्या वेगळेपणाचाच भाग. म्हणजे गाठ म्हणजे जवळजवळ ओळखपत्र समजा.

पैसे कसे मोजायचे ते मला फार आवडलं, उदबत्ती लावायची आणि किती उदबत्त्या जळल्या त्यावर मोबदला. अजूनही क्योतोत त्या पैशाला हानादाई म्हणजे फुलांचे पैसे म्हणतात.

मियाको ओदोरीचं राहिलं. १८६९ च्या सुमारास सम्राट टोकियोला गेले, राजधानी गेली, क्योतो रिकामं व्हायला लागलं, तेव्हा शहरात जीव आणायला प्रदर्शन भरवलं आणि त्याला जोडून १८७२ मध्ये हे नृत्य सुरू केलं. बसवलं इनोए घराण्याच्या तिसऱ्या यासेन्यो... सॉरी याचियो यांनी, टायपिंग. बैठकीतला नाच एकदम मोठ्या रंगमंचावर, ओळीने मुली. गिओन कोबुत आजही इनोए सोडून दुसरं घराणं शिकवत नाहीत, घराणेशाही म्हणजे काय ते ग्वाल्हेरवाल्यांनी यांच्याकडून शिकावं 😀 आत्ताच्या पाचव्या याचियो यांना २०१५ मध्ये जपान सरकारने जिवंत राष्ट्रीय ठेवा हा मान दिला. आणि दर १ ऑगस्टला हास्साकु असतं, गिओन कोबुतल्या गेइको मायको भर उन्हात काळे किमोनो घालून गुरूंच्या घरी वाकायला जातात, आपली गुरुपौर्णिमा.

आता बडोद्याचं. आजोबांना विचारा, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबारात कोण नाचायचं? १८८० मध्ये सयाजीरावांशी लग्न होऊन पहिल्या चिमणाबाई तंजावरहून आल्या, त्यांच्याबरोबर तिथल्या नर्तकी आणि साथीदार आले. दरबारात कलावंत कारखाना म्हणून चक्क खातं होतं, पगार रजा दंड सगळे नियम लिहिलेले, म्हणजे त्या बायका सरकारी नोकर होत्या हो. त्यांच्यातल्याच एकीचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर, ज्यांनी पुढे आपल्या युनिव्हर्सिटीत भरतनाट्यम शिकवलं. तुमची लेक सात वर्षं जे शिकतेय ना ते या शहरात त्याच बायकांच्या पायांनी चालत आलंय. ते गणपतीसमोर चालतं?

फक्त एक फरक मला नेहमी टोचतो. तंजावरच्या नर्तकींचा नाच चांगल्या घरच्या मुलींनी घेतला, नाव बदललं, क्लास निघाले, आणि त्या बायका मागे राहिल्या. क्योतोत नाच आणि बाई वेगळ्या झाल्या नाहीत, ऐंशीच्या घरातली गेइकोही असते आणि तिला मान असतो. लग्न केलं तर मात्र काम सोडावं लागतं, ती अट आहेच.

उलटतपासणी

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो, कोणी रागावू नका. "ती कला आहे" इथपर्यंत ठीक पण दुसऱ्या महायुद्धाआधी त्यातल्या कितीतरी पोरी गरीब आईबापांनी उचल घेऊन ओकियाला दिलेल्या होत्या, ती उचल फेडेपर्यंत सुटका नाही. आणि मिझुआगे नावाचा प्रकार होता, मायको वयात आली की एखादा श्रीमंत गिऱ्हाईक मोठी रक्कम मोजून तिचा "पहिला" होणार. आपल्याकडे संगीतबारीत नथ उतरवणं म्हणायचे, चिरा उतरवणं म्हणायचे, तेच. १९५६ मध्ये वेश्याव्यवसायाविरुद्ध कायदा झाला, १९५८ पासून पूर्ण लागू झाला, त्यानंतर हे बंद. पण होतं, नाही म्हणू नका. दान्ना म्हणजे कायमचा आश्रयदाता, तेही होतंच, आपल्या तमाशातल्या "मालका"सारखा.

आणि आजचंही बघा. मायकोला पगार नाही, हातखर्च मिळतो. तिची कमाई ओकियाकडे, कारण किमोनो शिकवणी जेवणखाण सगळा खर्च त्यांनी केलेला, आणि असं पाचसहा वर्षं, करार संपेपर्यंत. मोबाईल बऱ्याच घरांत बंद. जपानात दारूचं वय २० आणि या पंधरासोळाच्या पोरी रात्री दारूच्या बैठकीत. २०२२ मध्ये एका माजी मायकोने स्वतः सोशल मीडियावर लिहिलं की अल्पवयात दारू पाजायचे, अंगचटीला यायचे, तिकडे खूप गदारोळ झाला. १९२० च्या दशकात देशभर ८०,००० च्या आसपास गेइशा होत्या असं सांगतात, आता उरल्यात हजाराच्या आसपास, त्याला कारणं आहेत. नुसतं फुलं आणि पंखा नका बघू.

हर्षद_कारेलीबाग

उलटतपासणी, मान्य. ती सतरा वर्षांची म्हटलं ना मी, तिच्यासमोर पेला नव्हता आणि तेव्हा मला ते विशेष वाटलंही नव्हतं, तुमचं वाचून आज पहिल्यांदा विचार केला की बाकी बैठकांत काय होत असेल. पण उचल घेऊन विकलेली पोरगी आणि आजची स्वतः वेबसाईटवर अर्ज करून, आईबापांची सही आणून येणारी पोरगी एका मापात मोजू नका. बऱ्याच मधेच सोडतात, कोणी अडवत नाही. करार संपला की ज्या राहतात त्या जिमाए, स्वतंत्र, स्वतःच्या घरात राहतात, कमाई स्वतःची आणि किमोनोचा खर्चही स्वतःचा. तिथे खरी कसोटी, कारण मायको दिसण्यावर चालते, गेइको कलेवर. ज्यांना नाच फारसा जमत नाही त्या शामिसेनकडे वळतात, जिकाता म्हणतात वाजवणारीला, आणि त्या मिळेनात म्हणून सगळीकडे ओरड असते.

आणि हो, गेइशा म्हणजे तसली बाई हे जगभर पसरलं त्याला अमेरिकन सैनिकही कारण, युद्धानंतर रस्त्यावरची किमोनो घातलेली कुठलीही बाई त्यांना गेइशा गर्ल. बडोद्याच्या आजोबांपर्यंत ते पोचायला ऐंशी वर्षं लागली इतकंच.

मीनलताई, गोमूत्राचं दुकानदाराला सांगू नका, ऊन दाखवा.

मीनल_दांडियाबाजार

काल कार्यक्रम झाला म्हणून कळवायला आले. ड्रॅगनवाला किमोनो परत दिला (ऊन दाखवून). बाजूच्या बाईंचा फुलाफुलांचा सिल्कचा गाऊन मिळाला तो डावीकडून वर घेतला, लाल रुमालाची कॉलर लावली, आणि ओबीला काही मिळेना तर सासूबाईंनी स्वतःहून आपला लग्नातला नऊवारी शालू काढून दिला, जो मला आजवर हात लावू दिला नव्हता. उभा दोनदा दुमडून मागे बांधला तर टोकं बरोबर घोट्यापर्यंत आली, जरीचा पदर खाली. मानेवर मी दोन पट्ट्या सोडायला गेले तर हात हलला आणि एक पट्टी जाड झाली, कोणाला कळलं नाही.

उलटतपासणी, तुमचंही वाचून दाखवलं तिला, सगळं नाही, पगार आणि मोबाईलपर्यंत. मोबाईल नाही ऐकल्यावर करिअरचा विचार तिने स्वतःच रद्द केला.

आजोबांना मी चाळवालीताईंचं तंजावरचं सांगितलं होतं, ते हो नाही काहीच बोलले नाहीत. पण काल पहिल्या रांगेत होते. नाच झाल्यावर लेक प्रसाद द्यायला गेली तर तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, "वरच्या ओठाला लावायचं राहिलं का ग?" ती म्हणाली, "नाही आजोबा, माझं पहिलं वर्ष आहे." मग पेढा तोंडात टाकून विचारलं त्यांनी, "आणि दुसऱ्या वर्षी?" झालं, ती त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली ती आरतीपर्यंत, कॉलर उशी घंटी सगळं सांगून झालं.

आता खरी अडचण. केस उभे राहावेत म्हणून पार्लरवालीने अर्धा डबा स्प्रे मारलाय, रात्री खोबरेल चोळून झालं, आज दोनदा धुतले, तरी अंबाडा सुटत नाहीये. सोमवारी शाळा आहे. कोणाला उपाय माहीत असेल तर लवकर सांगा.